तीन एकर दहा गुंठ्यांचा ट्रॅक्टर

“लहान ट्रॅक्टर घ्यायचा म्हणतोय, कुठला घेऊ?” हा प्रश्न हल्ली मला लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर आणि एकदा तर मयताला गेलो होतो तिथेही विचारला गेला. मी काही यंत्रांतला जाणकार नव्हे. कारण एवढेच, की २०२४ च्या पाडव्याला आमच्या घरी एक लहान ट्रॅक्टर आला आणि तो आमच्या वहिनी चालवतात. विचारणाऱ्यांना कंपनीचे नाव हवे असते. ते मी सांगत नाही आणि इथेही लिहिणार नाही. नाव ऐकले की माणूस पुढचे ऐकत नाही, आणि पुढचेच ऐकण्यासारखे असते.

आमची जमीन बेळगाव-खानापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला, तीन एकर दहा गुंठे. त्यात पावणेदोन एकर भात, उरलेल्यात रताळी, बटाटा आणि थोडी भाजी. तीही एका तुकड्यात नाही. पाच वाफे वर, चार खाली, मध्ये बांध. दादा आणि बैलजोडी मिळून हे सगळे ओढत होते. दादाच्या मणक्यात गॅप निघाला आणि डॉक्टरांनी औताला हात लावायचा नाही म्हणून सांगितले. पुतण्या बंगळूरला नोकरीला. बैल विकले. दोन वर्षे भाड्याच्या ट्रॅक्टरवर काढली. त्या दोन वर्षांत रस्त्याकडेच्या चार जमिनींत प्लॉटचे दगड उभे राहिले, आणि आमच्या दारात एजंट महिन्यातून एकदा चहा पिऊन जाऊ लागले. “होत नाही तर कशाला ठेवताय?” हे त्यांचे वाक्य. खरे सांगायचे तर त्याला उत्तर नव्हते. ट्रॅक्टर घ्यायचा की नाही हा आमच्याकडे यंत्राचा प्रश्न नव्हता. जमीन राहते की जाते, असा तो प्रश्न होता.

म्हणून पहिल्यांदा हिशेब मांडला. चार फुटी रोटावेटर एकराला दीड-दोन तास घेतो. वर्षाची एक नांगरट, दोनदा रोटावेटर, भाताला दोन वेळा चिखलणी, रताळ्याचे वरंबे, शेणखताची ओढ, सगळे धरून आमच्या रानात साठेक तासांपेक्षा जास्त काम नाही. भाड्याचा दर आमच्याकडे तेव्हा तासाला हजार ते बाराशे होता. म्हणजे वर्षाला साठ-सत्तर हजार रुपये. उलट बाजूला ट्रॅक्टर, रोटावेटर, पलटी नांगर आणि लोखंडी चाके मिळून सात लाखांच्या आतले कोटेशन. पाच लाखांचे कर्ज काढले तर पहिल्या वर्षीचे व्याजच पन्नास हजारांवर. डिझेल, सर्व्हिसिंग, विमा आणि यंत्राची झीज धरली की वर्षाला लाख-सव्वा लाख. तेव्हा सरळ सांगतो, तीन एकरांना स्वतःचा ट्रॅक्टर निव्वळ हिशेबाने परवडत नाही. शोरूममधला मुलगा कागदावर काहीही लिहून दाखवेल, पण साठ तासांच्या कामासाठी ट्रॅक्टर फिटत नाही.

मग घेतला का? कारण भाड्याचा ट्रॅक्टर पैशाने मिळतो, वेळेवर मिळत नाही. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की सगळ्या गावाला एकाच दिवशी ट्रॅक्टर हवा असतो. मालक आधी पाच एकरांच्या सलग रानात जाणार, आमच्या नऊ वाफ्यांत शेवटी. त्यात भूमिका अशी, की पंचेचाळीस एचपीचे धूड वरच्या वाफ्यात वळतच नाही. दोन कोपरे तसेच राहतात आणि बांधाचा कोपरा मात्र जातो. एका वर्षी चिखलणीला आठ दिवस उशीर झाला, तरवा पिवळा पडत गेला आणि नट्टीला बायका मिळेनात. आमच्या घरात त्या आठ दिवसांची किंमत पन्नास हजारांपेक्षा जास्त धरली गेली. कुणाच्या घरात ती कमी असेल. त्यांनी भाड्यानेच करावे, आणि आपल्या होबळीत ‘कृषी यंत्रधारे’चे भाडे केंद्र आहे का हे आधी बघावे.

फरक भरून काढायला आम्ही शेजारच्या दोन घरांशी बोललो. त्यांचीही जमीन तेवढीच, वाफेही तसेच. वर्षाला मिळून दीडशे तास आमच्याकडूनच घ्यायचे, दर तासाला नऊशे, आणि पावसाच्या दिवसांत पाळी ठरलेली. तिघांच्या भागीदारीत ट्रॅक्टर घेण्याची गोष्टही निघाली होती, पण नोंदणी एकाच नावावर होते आणि भांडण तिघांत. तासाचा करार बरा. तो वहीत लिहून तिघांनी सह्या केल्या. फक्त एक बघा, दुसऱ्याच्या रानात काम करताना अपघात झाला तर विमा लागू होतो का, हे पॉलिसी घेतानाच विचारून घ्यावे.

यानंतर आला एचपीचा प्रश्न. वहिनींचे माहेर बैलहोंगलकडचे. त्यांचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो, काळ्या रानात कापूस, हरभरा आणि जोंधळा करणारे. त्यांनी आमच्या अंगणात पत्रक हातात घेतले, चोवीस एचपी वाचले आणि विचारले, “इष्टु साकागतैतेन्री?” एवढ्याने भागते का? त्यांच्या रानात नाहीच भागणार. वाळलेल्या काळ्या मातीत खोल नांगर घालायचा तर चाळीसच्या वरचेच यंत्र लागते. पण अण्णांचे रान मैलभर सपाट आणि आमचे पायऱ्यापायऱ्यांचे. पाव्हण्याच्या सल्ल्याने ट्रॅक्टर घेताना पाव्हण्याची माती कुठली, हे आधी विचारावे.

आमच्या भागातच तीन तऱ्हेची माती आहे. येळ्ळूर-शहापूर शिवाराची काळी चिकण, खानापूरकडची तांबडी आणि जांभ्याची, आणि मधली आमच्यासारखी मिसळ. तांबडी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, पण वळवाचा एक पाऊस पडला की चोवीस एचपीचे यंत्र एका फाळाचा पलटी नांगर सहज ओढते. काळ्या चिकणीत तेच यंत्र धापा टाकते. तिथे लहान ट्रॅक्टर घ्यायचाच असेल तर सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली जाऊ नये आणि खोल नांगरट वर्षा-दोन वर्षांनी भाड्याच्या मोठ्या यंत्राकडून करून घ्यावी. हे दोन्ही करण्यात कमीपणा काही नाही.

बाजारात काय आहे ते थोडक्यात सांगतो. पंधरा एचपीत महिंद्राचा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे एका सिलिंडरचे. स्वस्त, सोपे, गावातला मेकॅनिक उघडू शकतो. भाजीच्या सरीत, उसाच्या आंतरमशागतीत, फवारणीला आणि लहान ट्रॉलीला चांगले. धक्के मात्र जास्त बसतात, आणि मणक्याचा आजार असलेल्या घराने हा मुद्दा विसरू नये. बंगळूरच्या व्हीएसटीचा शक्ती एमटी १८० डी हा साडेअठरा एचपीचा, तीन सिलिंडरचा, जपानच्या मित्सुबिशीच्या घराण्यातला. या कंपनीचे पॉवर टिलर खानापूरकडच्या भातशेतीवाल्यांना नवे नाहीत. त्याच्या वरच्या पायरीवर चारही चाकांना ओढ असलेले. कुबोटाचा ए २११ एन एकवीस एचपी आणि बी २४४१ चोवीसचा, महिंद्राचा जिवो २४५ चोवीसचा, जॉन डीअरचा ३०२८ ईएन अठ्ठावीसचा. स्वराजने २०२१ मध्ये ‘कोड’ नावाचे अकरा एचपीचे पेट्रोलवरचे अरुंद यंत्र काढले. ते भाजीच्या ओळींतून जाण्यासाठी, नांगरटीसाठी नव्हे. यांतला कुठला चांगला, हे विचारू नका. रान सांगा, मग बोलू.

पत्रकात एचपी लिहिलेला असतो तो इंजिनाचा. रोटावेटर फिरतो तो मागच्या पीटीओच्या दांड्यावर, आणि तिथे पोहोचेपर्यंत शंभरातले दहा-पंधरा गळून गेलेले असतात. म्हणून पीटीओचा एचपी वेगळा विचारावा. विक्रेता अडखळला तर समजा, की त्याने पत्रक वाचलेले नाही. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची खरी ताकद, ओढण्याची क्षमता, डिझेलचा खप सगळे छापलेले असते. हा अहवाल दाखवा म्हटल्यावर शोरूममधली हवा जरा बदलते, असा माझा अनुभव आहे. मागची लिफ्ट किती किलो उचलते हेही बघावे. या वर्गात साधारण साडेसातशे किलो मिळते आणि चार फुटी रोटावेटरला ते पुरते.

आमच्यासारख्या भातवाल्यांनी खरी परीक्षा घ्यायची ती चिखलात. मोठा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास, हे लहान टनाच्या आतबाहेर. चिखलात वजन कमी असलेलेच बरे. जड यंत्र खालचा कठीण थर फोडते, मग वाफ्यात पाणी ठरत नाही आणि पुढच्या वर्षी तिथेच चाक रुतते. पण वजन कमी म्हणजे पकडही कमी, म्हणून चारही चाकांची ओढ हवी आणि मागे लोखंडी जाळीची चाके. ब्रेक तेलात बुडालेले असावेत. कोरड्या डिस्कच्या ब्रेकात चिखलपाणी गेले की दर हंगामाला खर्च. पुढच्या आसाचे सील कसे आहेत, बदलायला काय पडते आणि किती दिवसांत मिळतात, हेही विचारा. तुम्हाला ते जुलैत लागतील आणि जुलैत सगळ्यांनाच लागतात. उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकाम करणारे इतके कारखाने असताना आपल्याकडे बुश, पिना यांची अडचण होत नाही, पण सील आणि गिअरचे भाग कंपनीचेच लागतात.

आमच्या गल्लीतले एक आजोबा शेवटपर्यंत विरोधात होते. ट्रॅक्टरने जमीन आवळते, म्हणायचे. त्यांचे अगदीच खोटे नाही, ओल्या रानात भलत्या दिवशी घातला तर आवळतेच. मला मात्र त्यांच्याकडे बघून लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण व्हायची. आपल्याच गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेला माणूस, बेळगावात सायकलचे दुकान चालवत कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर करायला लागला. लोखंडाने जमिनीला विष चढते असे लोक म्हणत, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे ठळकवाडीची वसाहत उठवायची म्हणून त्यांना जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंधच्या राजांच्या आश्रयाने त्यांनी कुंडलच्या माळावर कारखाना नेला. बेळगावने एक किर्लोस्करवाडी अशी घालवली. असो, विषय ट्रॅक्टरचा आहे.

निवडीतला शेवटचा शब्द वहिनींचा होता. चालवणार कोण, हे ठरले नसताना आम्ही तीन शोरूम फिरून आलो होतो. दादाला जमणार नाही, मी शाळेतून निवृत्त झालेला आणि गुडघ्याने अधू. ड्रायव्हर ठेवायचा तर त्याचा पगार कुठून आणायचा? वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, मी बसून बघते की.” चौथ्या ठिकाणी त्या बसल्या, आणि जे आम्हा दोघांना सुचले नव्हते ते त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत बघितले. क्लच पूर्ण दाबताना पाय पुरतो का, सीट पुढे सरकते का, चढायची पायरी किती उंच, मागे वळून रोटावेटर दिसतो का, आणि लिव्हर उजव्या हाताला आहे की मांडीखाली. एका ठिकाणी विक्रेत्याने “मॅडम, चालवणार कोण?” असे तीनदा विचारले. तिथून आम्ही निघालो. दुसऱ्या शोरूमवाल्याने मात्र यंत्र आमच्या रानात आणून दोन तास चालवायला दिले. खालच्या वाफ्यातून वरच्या वाफ्यात जाताना आणि बांधाशी वळताना जे कळले ते कुठल्याही पत्रकात नव्हते. रानात आणून दाखवत नसेल त्याच्याकडून घेऊ नये, हे मी आता सगळ्यांना सांगतो. खरेदीच्या आधी एकदा धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा मेळावाही बघून यावा. सगळी यंत्रे एका मैदानावर दिसतात आणि विकणारे एकमेकांचे दोष फुकट सांगतात.

वहिनींनी पन्नाशीला आल्यावर लायसन्स काढले. परीक्षा कानडीतून दिली आणि पहिल्याच फटक्यात पास झाल्या. दादा कानडी बोलतो झक्कास, पण वाचताना अक्षर लावत बसतो. यावरून एक सूचना. आपल्या घरांत एकाला मराठी वाचता येते, दुसऱ्याला कानडी. यंत्राचे पुस्तक दोन्ही भाषांत मागून घ्या. तेल कधी बदलायचे हे घरात एकालाच वाचता येत असेल तर ते वेळेवर बदलले जात नाही.

कागदपत्रांचे मात्र आपल्या सीमाभागात निराळेच दुखणे. अनुदान हवे तर रयत संपर्क केंद्रात अर्ज, त्याला पहाणी आणि फ्रूट्सचा एफआयडी क्रमांक. आमच्या पहाणीवर वडिलांचे नाव होते, ते जाऊन अकरा वर्षे झाली तरी. आधी पौती खाते करून घ्यावे लागले. मग निघाले, की पहाणीत दादाचे नाव कानडीत एका तऱ्हेने आणि आधारवर मराठी उच्चाराने दुसऱ्या तऱ्हेने. एका अक्षरासाठी दोन महिने गेले. वाचकहो, ट्रॅक्टर घ्यायचा असो वा नसो, ही दोन कामे आजच करून ठेवा. अनुदानाची रक्कम आणि अटी वर्षावर्षाला बदलतात आणि यादीतल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे लागते. तेव्हा आगाऊ रक्कम देण्याआधी केंद्रातल्या माणसाला भेटा. आधी पैसे भरून मग अर्ज करणाऱ्यांची फरफट मी बघितली आहे.

“चंदगड-गडहिंग्लजला स्वस्त मिळतो,” असे नेहमी कानावर येते. २०१७ च्या जुलैत जीएसटी आल्यापासून करातला फरक राहिलेला नाही. जो फरक असेल तो विक्रेत्याच्या सवलतीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. आम्ही घेतला तेव्हा १२ होता. आता घेणाऱ्यांनी जुन्या किमतीवर सूट दाखवणाऱ्याला हा आकडा आठवून द्यावा. पण तिकडून घेऊन इकडे नोंद करायची, अनुदानावर पाणी सोडायचे आणि बिघाड झाला की मेकॅनिक कुठून येणार ते बघत बसायचे, एवढे करून दहा-पंधरा हजार वाचत असतील तर मी म्हणेन जवळचा घ्या. ट्रॉली घेतली तर तिची नोंदणी वेगळी होते, हेही लक्षात ठेवा.

आता घरातल्या बायकांसाठी आणि त्यांच्या नवऱ्यांसाठी एक गोष्ट. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० वेळा फिरतो. साडीचा पदर किंवा ओढणी त्यात गेली तर हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावरचे प्लास्टिकचे झाकण गवत अडकते म्हणून लोक काढून टाकतात. आमच्याकडे ते काढायचे नाही. वहिनी यंत्रावर सलवार आणि दादाचा जुना फुलशर्ट घालतात. आईला हे कसे सांगायचे याची सगळ्यांना काळजी होती. आईने ऐकून घेतले, आत गेली आणि दादाचा दुसरा शर्टही काढून दिला, एक धुवायला पडला तर असावा म्हणून. मडगार्डवर पोरांना बसवायचे नाही, रोटावेटर चालू असताना मागे कुणी उभे राहायचे नाही, आणि बांधाच्या कडेने उतरताना गिअर सोडायचा नाही. डोक्यावरची संरक्षक कमान असलेले मॉडेल मिळाले तर थोडे जास्त पैसे द्या. आमचे वाफे उतरते असल्याने आम्ही दिले.

बैल गेले त्याने शेणखत कमी झाले हे खरे. त्यासाठी एक म्हैस वाढवली. बेंदूर आणि वहिनींच्या माहेरची कारहुण्णिमे, दोन्हींना आता शेजारच्या बैलांना नैवेद्य जातो.

तासांची वही वहिनींकडे असते, कानडी आकड्यांत. गेल्या वर्षी मीटरवर २१४ तास झाले, त्यातले आमच्या रानातले ५८. शेजारच्या एकाचे सतरा तासांचे पैसे अजून यायचे आहेत आणि ते नागपंचमीच्या आधी मागायचे काम माझ्याकडे दिले आहे. रताळ्याच्या वरंब्यासाठी रिजर घ्यायचा का, यावर सध्या घरात बोलणे चालू आहे. अण्णांनी फोनवर सांगितले, की घ्यायचा तर मोठा घ्या.